गिझर कोणी बदलावा?



असे समजा की गणपती चार दिवसांवर आले आहेत. मालवणजवळच्या तुमच्या घरी झाडलोट, रंगकाम आटोपले आहे आणि माटवी बांधायची तयारी चालू आहे. मुंबईचे काका-काकू आणि चुलत भावंडे उद्या कोकण रेल्वेने कुडाळला उतरणार आहेत. नेमक्या याच सकाळी न्हाणीघरातल्या गिझरच्या बुडातून पाणी ठिबकू लागते. आतली टाकी गंजून तिला भोक पडले आहे. ती आता दुरुस्त होण्यासारखी नाही. बाबा बाजारातून नवा गिझर आणतात. वायरमनला निरोप जातो. तो म्हणतो, "गणपती जाऊ देत, मग येतंय."

तुमचा दादा म्हणतो, "दोन पाइप, तीन तारा आणि दोन बोल्ट. एवढ्यासाठी वायरमन कशाला? मीच बसवतो." बाबांचे मन डळमळू लागते. आणि पडवीत बसलेली आजी म्हणते, "बंब होतो तेवा असली कटकट नाय होती."

या तिघांपैकी बरोबर कोण? वायरमनची वाट पाहू म्हणणारे बाबा, स्वतः हात घालणारा दादा, की बंबाची आठवण काढणारी आजी? प्रश्न घरगुती दिसतो. पण त्यात तुम्ही शाळेत शिकता तो ओहमचा नियम आहे, ज्यूलचा नियम आहे, पाण्याचे प्रसरण आहे आणि धातूंचे गंजणेही आहे. शिवाय घरातल्या माणसांच्या जिवाचा प्रश्नही आहे. म्हणून या विषयावर माझे मत मांडण्याआधी आपण गिझर म्हणजे काय ते नीट पाहू. सुरुवात आजीच्या बंबापासूनच करू.

आजीचा बंब

तुमच्यापैकी काहींच्या माळ्यावर तांब्याचा बंब अजूनही पडलेला असेल. त्याची रचना आठवा. मधोमध एक उभी नळी, तिच्यात नारळाची सोडणे, करवंट्या, लाकडाच्या ढलप्या घालून जाळ करायचा. नळीभोवतीच्या पोकळीत पाणी. खाली राख पडायला जाळी, वर पाणी ओतायला तोंड आणि त्यावर सैल झाकण. पाणी तापून फुगले किंवा त्याची वाफ झाली तर ती या तोंडातून बाहेर जाते. त्यामुळे बंबात दाब कधी साठतच नाही. बंबाने चटका बसेल, धुराने डोळे चुरचुरतील, पण बंब फुटणार नाही आणि त्याचा शॉकही बसणार नाही.

बंबाचा एकच कडक नियम होता आणि तो घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे : आधी पाणी, मग आग. रिकाम्या बंबाखाली जाळ केला, तर सांध्याला दिलेला डाख वितळून बंब गळू लागतो. आणि असा बंब गळू लागला म्हणजे घरचे लोक तो दुरुस्त करीत बसत नसत. तो तांबटाकडे जाई. म्हणजे कामाची वाटणी तेव्हाही होतीच. पाणी भरणे, जाळ घालणे, राख काढणे, चिंचेने बंब घासून लख्ख करणे हे घराचे काम. डाख देणे हे तांबटाचे काम. या वाटणीचे कारण साधे होते. घरच्यांना बंबाचा स्वभाव माहीत होता आणि आपल्या हाताची मर्यादाही माहीत होती.

गिझरच्या बाबतीत मात्र आपल्याला त्याचा स्वभावच माहीत नसतो. तो भिंतीवर पांढऱ्या डब्यात बंद असतो, आणि बटण दाबले की नळाला गरम पाणी येते. एवढीच आपली त्याची ओळख. या डब्यात वीज, पाणी आणि दाब अशा तीन गोष्टी एकत्र कोंडलेल्या आहेत. त्यांतल्या प्रत्येकीचा हिशेब करून पाहू.

तीन तारांचा हिशेब

१५ लिटरच्या घरगुती गिझरवर बहुधा २००० वॅट असा आकडा छापलेला असतो. आपल्या घरातील विजेचे विभवांतर २३० व्होल्ट. २००० ला २३० ने भागा. उत्तर येते सुमारे ८.७ अँपिअर. ७५ वॅटच्या पंख्यासाठी हाच भागाकार केलात तर उत्तर येईल एक तृतीयांश अँपिअर. म्हणजे गिझर पंख्याच्या जवळजवळ २७ पट विद्युतधारा घेतो. आता ज्यूलचा नियम आठवा. तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २७ चा वर्ग करा. पंख्यामुळे एखाद्या तारेत जेवढी उष्णता निर्माण होते, तिच्या सुमारे ७०० पट उष्णता त्याच तारेत गिझरमुळे निर्माण होईल! म्हणूनच दिव्या-पंख्याच्या बारीक तारेवर गिझर चालवायचा नसतो. त्यासाठी जाड तार, १६ अँपिअरचा मोठा प्लग आणि त्याची स्वतंत्र ओळ लागते.

दादा म्हणेल, "आपल्याकडे जाड तार आहेच." ठीक आहे. पण ती तार जोडायची कशी? समजा, स्क्रू पुरता आवळला गेला नाही आणि त्या सांध्यात फक्त अर्धा ओहम रोध राहिला. विद्युतधारेचा वर्ग गुणिले रोध, असा हिशेब केला तर त्या सांध्यात ३५ वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंगचे लोखंड साधारण एवढ्याच वॅटचे असते. आता हरभऱ्याएवढ्या सांध्यात, प्लास्टिकच्या डबीत, कोणी असे तापलेले लोखंड रोज अर्धा तास ठेवून दिले आहे अशी कल्पना करा. प्लास्टिक वितळेल, काळे पडेल, आणि एखाद्या दिवशी पेट घेईल.

आपल्या किनाऱ्यावर हा धोका अधिक आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. तुमच्या घरातले पितळी कडी-कोयंडे हिरवट पडतात आणि खिडकीचे गज गंजतात ते यामुळेच. हेच मीठ प्लगच्या पितळी भागांवर आणि तारेच्या उघड्या टोकांवर बसते, आणि आज घट्ट असलेल्या सांध्याचा रोध हळूहळू वाढवीत जाते. म्हणून मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात सांधा घट्ट असून भागत नाही. तो स्वच्छ असावा लागतो आणि मधूनमधून पाहावाही लागतो.

हिरव्या तारेचे कोडे

आता तिसऱ्या, म्हणजे अर्थच्या हिरव्या तारेकडे वळू. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे, म्हणून हा हिशेब पेन्सिल घेऊन करा.

गिझरमधल्या कॉइलचे धातूचे आवरण कधीतरी गंजून फुटते. मग वीज पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यात उतरते. तिने माणसाच्या अंगातून न जाता हिरव्या तारेतून जमिनीत जावे, आणि जाताना एवढी मोठी धारा वाहावी की मेनजवळची वितळतार वितळावी किंवा एम.सी.बी. खाली पडावा, अशी ही योजना आहे. आता दोन घरे घ्या. पहिल्या घराच्या अर्थिंगचा रोध २ ओहम आहे. २३० भागिले २, म्हणजे ११५ अँपिअर. १६ अँपिअरचा एम.सी.बी. तत्काळ पडेल. दुसऱ्या घराच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. रोहित्राकडचा रोध धरला तर त्याहूनही कमी. १६ अँपिअरच्या एम.सी.बी.ला यात वावगे काहीच वाटणार नाही. तो पडणारच नाही! टाकी, पाइप आणि नळ यांत वीज उतरलेलीच राहील, आणि ओल्या अंगाने नळाला हात लावणारा माणूस तिच्या वाटेत येईल. ओल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० भागिले १०००, म्हणजे पाव अँपिअरच्या जवळपास धारा वाहते. माणूस मरायला याहून पुष्कळ कमी धारा पुरते.

ध्यानात घ्या, हिरवी तार दोन्ही घरांत जोडलेली आहे. दोन्ही घरांत बटण दाबले की दिवा लागतो आणि पाणी तापते. बाहेरून पाहून कोणते घर सुरक्षित आहे हे सांगता येत नाही. टेस्टरनेही ते कळत नाही. त्यासाठी अर्थिंगचा रोध मोजण्याचे वेगळे यंत्र लागते. गिझर चालतो हा तो सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हे. हे वाक्य पाठ करून ठेवावे असे मला वाटते.

जमिनीचा हा रोध गावागावांत बदलतो. जांभ्या दगडाच्या सड्यावर एप्रिल-मे महिन्यांत जमीन कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. पावसाळ्यात त्याच ठिकाणी तो उतरतो. देवबागसारखे गाव समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामध्ये वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले आहे. तेथे वरची सुकी वाळू विजेला वाट देत नाही. खालचे मचूळ पाणी चांगली वाट देते, पण तेच पाणी जमिनीत पुरलेला अर्थिंगचा लोखंडी पाइप खाऊन टाकते. आज उत्तम असलेले अर्थिंग चार पावसाळ्यांनंतर तसेच असेल अशी खात्री देता येत नाही.

यावर एक चांगला उपाय निघाला आहे. त्याचे नाव आर.सी.सी.बी., आणि आपल्याकडच्या बोलण्यात ई.एल.सी.बी. घरात येणारी आणि परत जाणारी विद्युतधारा तो सतत ताडून पाहतो. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा फरक पडला की काही क्षणांत वीज तोडतो. वरच्या दुसऱ्या घरात साडेअकरा अँपिअरची गळती होती. एम.सी.बी. तिला ओळखू शकला नाही, पण हा रक्षक ती तात्काळ ओळखेल. गिझर असलेल्या घरात तो नसेल, तर नवा गिझर घेण्याआधी तो घ्यावा.

पेलाभर पाण्याची ताकद

वीज बाजूला ठेवून आता पाणी पाहू. १५ लिटर पाणी २५ अंशांपासून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, तर ते प्रसरण पावून सुमारे पाव लिटरहून थोडे कमी वाढते. म्हणजे पेलाभर जास्तीचे पाणी तयार होते. बंबात ते उघड्या तोंडाकडे चढते. गिझर मात्र बंद असतो, आणि गरम पाणी उलटे जाऊ नये म्हणून थंड पाण्याच्या पाइपावर बहुधा एकमार्गी झडप बसवलेली असते. मग हे पेलाभर पाणी जाणार कोठे? त्यासाठीच गिझरला सुरक्षा झडप असते. पाणी तापताना तिच्यातून थेंब थेंब गळते ते यामुळे.

आता अर्धवट माहितीचा माणूस काय करतो पाहा. त्याला वाटते की झडप बिघडली. तो तिला लांबी फासतो किंवा लाकडाची खुंटी मारतो. गळणे थांबते, घरचे खूश होतात. आणि भिंतीवर एक बंद भांडे तयार होते. एरवी थर्मोस्टॅट वेळेवर वीज तोडतो म्हणून काही घडत नाही. पण थर्मोस्टॅट आणि त्याच्या मागचा कटआउट हे दोन्ही बिघडले, तर पाणी १०० अंशांच्या पुढे तापत जाते. प्रेशर कुकरमध्ये पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापते हे तुम्ही शिकला आहात. दाब वाढत गेला तर उत्कलनबिंदूही वाढत जातो. अशी टाकी फुटली की दाब एकदम नाहीसा होतो आणि अतितप्त पाण्याच्या काही भागाची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून अधिक जागा मागते. मग भिंत किंवा छप्पर तिला अडवू शकत नाही.

ही केवळ वहीतली भीती नाही. १९ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, स्पेन्सर या गावातील स्टार एलिमेंटरी स्कूल या शाळेत पाणी तापवण्याची टाकी फुटली. वेळ मधल्या सुट्टीतल्या जेवणाची होती. सहा विद्यार्थी आणि एक शिक्षिका मृत्युमुखी पडली. तापमान आवरणारी आणि दाब सोडणारी साधने जशी हवी तशी काम करीत नव्हती. फुटण्याच्या क्षणापर्यंत ती टाकीही पाणी तापवीतच होती.

मघाशी आपण पाहिले की गोष्टीतला जुना गिझर गंजून गळू लागला. त्याचेही एक कारण सांगून ठेवतो. गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी झिजते आणि स्वतः संपून टाकीला वाचवते. ही युक्ती जुनी आहे. हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये ब्रिटिश जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले होते. आजही लोखंडी बोटींच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात ते याच तत्त्वावर. मॅग्नेशियमची कांडी संपली की टाकीची पाळी येते. खारट पाण्यात कांडी लवकर संपते. ती वर्षा-दोन वर्षांनी पाहिली आणि वेळेवर बदलली, तर टाकी पुष्कळ वर्षे टिकते. पण आपल्यापैकी किती जणांना गिझरात अशी कांडी असते हे माहीत आहे?

कायदा कोठे रेघ ओढतो?

तुम्ही म्हणाल, एवढे धोके आहेत तर गिझरला हात लावायला कायद्यानेच बंदी हवी. याबाबतीत आपला कायदा वाटतो त्याहून समंजस आहे. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांतील ४५ व्या नियमाने वीजजोडणीचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यावे असे ठरवले. मात्र त्याने एक सूटही ठेवली. दिवे, पंखे, वितळतारा, बटणे, घरगुती उपकरणे बदलायला हरकत नाही, पण त्या बदलाने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. पुढे २०१० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नवे नियम आले, तरी परवान्याचे तत्त्व कायम राहिले.

क्षमता आणि स्वरूप हे दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. जुन्या गिझरच्या जागी तेवढ्याच लिटरचा, तेवढ्याच वॅटचा गिझर, त्याच प्लगवर लावला, तर क्षमता तीच राहिली. पण दिव्याच्या प्लगवर ३००० वॅटचा झटपट गिझर लावला, तर क्षमता बदलली. तारकर्ली-देवबागच्या बाजूला पर्यटकांसाठी खोल्या काढणाऱ्या घरांचेच पाहा. चार खोल्यांना चार गिझर म्हणजे ८००० वॅट, म्हणजे जवळजवळ ३५ अँपिअर. सकाळी आठ वाजता चारही पाहुणे एकाच वेळी आंघोळीला गेले तर जुन्या घराची मेन तार काय करील? तेथे महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेणे आणि परवानाधारकाकडून नवी ओळ टाकून घेणे याला पर्याय नाही. आणि विजेच्या गिझरच्या जागी गॅसचा गिझर लावला, तर स्वरूपच बदलले. बंद न्हाणीघरात गॅसला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. महाराष्ट्रात अशा न्हाणीघरांत माणसे दगावल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

भिंतीचाही विचार करा. १५ लिटर पाण्याचे वजन १५ किलो. टाकीचे धरून ते सुमारे २५ किलो होते. आपल्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या. जांभा सच्छिद्र असतो, त्यात लहान प्लग-स्क्रू धरत नाहीत. बोल्ट कोठे आणि किती खोल घ्यायचा हे अनुभवी हाताला कळते.

माझे मत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दादाने गिझर स्वतः बसवावा का?

माझे उत्तर 'नाही' असे आहे, पण त्याचे कारण दादा अडाणी आहे हे नव्हे. दोन पाइप, तीन तारा आणि दोन बोल्ट जोडणे त्याला जमेल. त्याला जमणार नाही ते तपासणे. अर्थिंगचा रोध मोजण्याचे यंत्र त्याच्याकडे नाही. आणि चूक झाली तर ती त्याला दिसणारही नाही, कारण चुकलेल्या कामातही पाणी तापतेच. सायकलचे पंक्चर तुम्ही चुकीचे काढले, तर चाक पुन्हा बसते आणि तुमची चूक तुम्हाला सांगते. गिझर सांगत नाही. जे यंत्र आपली चूक आपल्याला सांगत नाही, त्यावर नवशिक्याने हात शिकू नये.

पण बाबांचे "वायरमन येईल आणि बघेल" हेही मला पुरेसे वाटत नाही. वायरमन म्हणून येणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना असतोच असे नाही. गळणारी झडप बुजवून देणारे, दिव्याच्या तारेवर गिझर जोडून देणारे, "अर्थिंग आहे ना, मग झाले" म्हणणारे कारागीरही असतात. आणि कामाचे पैसे देताना आपण तरी काय पाहतो? पाणी तापते की नाही, एवढेच. म्हणजे आपणही त्याला चुकीचीच परीक्षा देतो आणि तो तिच्यात पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो.

अमेरिकेत अनेक ठिकाणी घरमालकाला पाण्याचा हीटर स्वतः बदलता येतो. पण त्यासाठी आधी परवानगी काढावी लागते, आणि काम संपल्यावर निरीक्षक येऊन ते पाहून जातो. या पद्धतीतला मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. काम कोणी केले यापेक्षा ते तपासले कोणी, हा खरा प्रश्न आहे. आपल्या गावात एका गिझरसाठी निरीक्षक येणार नाही. म्हणून तपासणारा डोळा घरातच तयार झाला पाहिजे. हात परवानाधारक कारागिराचा आणि डोळा आपला, अशी वाटणी असावी असे माझे मत आहे.

हा डोळा कसला? तर कारागीर आला की त्याच्याजवळ उभे राहून विचारा : तुमच्याजवळ परवाना आहे ना? ही तार किती जाडीची आहे? अर्थिंगचा रोध मोजलात का, आणि तो किती आला? सुरक्षा झडपेचे तोंड मोकळे आहे ना? उत्तरे वहीत तारखेसह लिहून ठेवा. काम झाल्यावर ई.एल.सी.बी.वरचे तपासणीचे बटण दाबून तो पडतो की नाही ते मोठ्यांसमोर पाहा, आणि पुढे दर महिन्याला पाहत जा. गिझर अर्धा तास चालल्यावर बटण बंद करून प्लगच्या प्लास्टिकला हात लावा. तो चांगलाच गरम लागला, तर सांधा सैल आहे. तेव्हा गिझर वापरणे थांबवा आणि कारागिराला पुन्हा बोलवा. खरा जाणकार अशा प्रश्नांनी रागावत नाही. उलट कोणीतरी आपले काम समजून पाहत आहे याचा त्याला आनंद होतो.

एक गोष्ट शिक्षकांसाठी. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, आणि हाताने केलेले काम हेच शिक्षणाचे साधन मानले. तेथून पुढे आलेल्या अभ्यासक्रमात शाळेतली मुले वीजजोडणीही शिकतात. आपल्या प्रत्येक शाळेला तेवढे जमेल असे नाही, पण एक प्रयोग कोणालाही करता येईल. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये कोरडी वाळू घ्या. दहा सेंटीमीटर अंतरावर दोन खिळे रोवा. ९ व्होल्टची बॅटरी आणि मिलिअँपिअर मोजणारे मीटर त्यांना एकसर जोडा. मीटरचा काटा पाहा. मग वाळू विहिरीच्या पाण्याने भिजवून पाहा. नंतर दुसऱ्या ट्रेमध्ये समुद्राच्या पाण्याने भिजवलेली वाळू आणि तिसऱ्यात सड्यावरची कोरडी माती घेऊन पाहा. जमिनीचा रोध म्हणजे काय ते मुलांना एका तासात दिसेल. प्रयोग फक्त बॅटरीवरच करायचा. भिंतीतल्या प्लगचा त्याच्याशी काही संबंध येता कामा नये.

आणि ज्या विद्यार्थ्यांना हे काम मनापासून आवडते, त्यांनी ते जरूर शिकावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री आणि तारतंत्री असे अभ्यासक्रम असतात. गणपतीच्या तोंडावर अख्खा गाव ज्याची वाट पाहतो, त्या माणसाचे काम हलके कसे असेल?

राहता राहिले तुमचे चार दिवस. दादाला सांगा, जुन्या गिझरची वीज मेनवरून बंद कर, त्याच्या पाण्याची तोटी फिरव आणि माळ्यावरून बंब खाली उतरव. आजी तुम्हाला तो पेटवायला शिकवील. गणपती गेल्यावर वायरमन येईल. नवा गिझर भिंतीवर चढला की बटण दाबायची घाई करू नका. आधी गरम पाण्याचा नळ सोडा. टाकी पूर्ण भरून नळाला सलग धार लागू द्या, आणि मगच वीज चालू करा. कारण रिकाम्या गिझरची कॉइल रिकाम्या बंबासारखीच जळते. डबा नवा असला तरी आजीचा नियम तोच आहे : आधी पाणी, मग आग.